तीन तास हवेत, एकवीस तास जहाजावर: नौदलाच्या हेलिकॉप्टर पायलटचा समुद्रावरचा दिवस

प्रश्न असा आहे: नौदलाचा हेलिकॉप्टर पायलट महिनोन्‌महिने जहाजावर तैनात असतो, तेव्हा त्याचा दिवस नेमका कसा जातो? तो रोज किती उडतो, उरलेला वेळ काय करतो आणि या सगळ्यात अवघड काय असतं?

थोडक्यात सांगायचं तर दिवसाला साधारण एक उड्डाण, अडीच ते साडेतीन तासांचं. कामाचा जोर वाढला की दोन, समुद्र खवळला की शून्य. बाकीचे एकवीस तास त्या तीन तासांसाठीच खर्च होतात. हवेत जे बिघडतं, त्याची सुरुवात बऱ्याचदा या एकवीस तासांत झालेली असते. अपुरी झोप, घाईत उरकलेली तपासणी, नीट न धुतलेलं इंजिन, जहाज कुठे असेल याचा चुकलेला अंदाज. म्हणून उड्डाणाइतकंच, किंबहुना जास्तच, या बाकीच्या वेळाबद्दल लिहितो.

आधी जहाज कोणतं ते पाहावं लागतं. विमानवाहू जहाजावर धावपट्टीसारखा मोठा डेक, बरीच हेलिकॉप्टरं, बरेच पायलट असतात. फ्रिगेट किंवा विनाशिकेसारख्या लहान युद्धनौकेवर एक किंवा दोनच हेलिकॉप्टरं. एका हेलिकॉप्टरमागे साधारण तीन-चार पायलट, दोन-तीन सेन्सर ऑपरेटर (रडार, सोनार चालवणारे) आणि दहा-पंधरा तंत्रज्ञ, एवढाच संसार. सीहॉकसारख्या हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरचा व्यास १६.३६ मीटर आणि फ्रिगेटची रुंदी साधारण १४ ते १७ मीटर. रोटर फिरू लागला की त्याचं वर्तुळ जहाजाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचतं, आणि समोर काही मीटरवर हँगरची भिंत. पुढचं सगळं या लहान डेकवरच्या पायलटबद्दल आहे, कारण खरी कसोटी तिथेच लागते.

दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. जहाजाचा ऑपरेशन्स विभाग आणि हेलिकॉप्टरची तुकडी मिळून दुसऱ्या दिवशीचं उड्डाणाचं वेळापत्रक ठरवतात: कोण, कधी, कशासाठी उडणार आणि कोण सज्जतेवर बसणार. ते ठरलं की पहिला हिशेब झोपेचा. अमेरिकन नौदलाच्या नियमांत दर २४ तासांत सलग आठ तास झोपेची संधी मिळायला हवी असं आहे. बहुतेक नौदलांत असाच काहीतरी नियम असतो. कागदावर सोपं वाटतं. पण पहाटे दोनचं उड्डाण संपवून पायलट सकाळी सहाला बंकमध्ये शिरतो तेव्हा जहाज जागं होत असतं. सार्वजनिक घोषणा सुरू होतात, डोक्यावरच्या डेकवर कोणीतरी हवेच्या हातोडीने गंज खरवडायला घेतं, आगीचा सराव होतो. नवख्या पायलटने जहाजावर पाऊल ठेवताच करायचं काम म्हणजे जहाजाच्या दिनक्रमाची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याशी ओळख करून घेणं. कोणत्या केबिनमध्ये रात्रपाळीचे पायलट झोपतात याची यादी त्याला रोज मिळाली, तर गंज खरवडण्याचं काम दुसऱ्या टोकाला हलवता येतं. कानातले बोळे, डोळ्यांवरची पट्टी, दारावर ‘उड्डाण क्रू झोपला आहे’ अशी पाटी, यांची थट्टा होते, पण थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही. त्याला फक्त आपण थोडे सावकाश आहोत एवढंच वाटतं.

उड्डाणाच्या साधारण दोन तास आधी ब्रीफिंग. त्यात हवामान, समुद्राची स्थिती, जहाजाची नियोजित वाटचाल, रेडिओच्या वारंवारता, आसपासची जहाजं आणि विमानं, उतरायला दुसरा डेक किंवा किनारा किती दूर, हे सगळं येतं. मग दिवसाची एक आपत्कालीन स्थिती निवडतात आणि प्रत्येकाने आपापली कृती तोंडपाठ सांगायची. शेपटीचा रोटर गेला, एक इंजिन बंद पडलं, इंजिनांची ताकद रोटरला पोचवणाऱ्या मुख्य गिअरबॉक्सचा तेलदाब उतरला. शेवटची सगळ्यांत वाईट, कारण इंजिनं दोन असतात, मुख्य गिअरबॉक्स एकच.

ब्रीफिंगमधले दोन हिशेब स्वतःच्या हाताने करावेत, संगणकाने दिले तरी. पहिला वाऱ्याचा. डेकवर जाणवणारा वारा हा खरा वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज असतो. समजा जहाज १२ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) उत्तरेला चाललंय आणि वारा पश्चिमेकडून १५ नॉटचा आहे. डेकवरचा वारा नाकाच्या डावीकडे साधारण ५१ अंशांवरून, १९ नॉटचा लागेल. काही हेलिकॉप्टर-जहाज जोड्यांना हा कोन चालतो, काहींना नाही. प्रत्येक जोडीचा वाऱ्याच्या मर्यादेचा स्वतंत्र आलेख असतो आणि रात्रीचा आलेख दिवसापेक्षा आक्रसलेला. आता जहाज डावीकडे वळून ३०० अंशांवर आलं तर तोच वारा नाकाच्या डावीकडे सुमारे १७ अंशांवरून, २६ नॉटचा होतो. हा उतरायला फार बरा. अगदी नाकासमोरून येणारा वारा उत्तम असं नवख्यांना वाटतं. पण समोरून आलेली हवा जहाजाचा मनोरा आणि हँगर यांच्यावर आपटून थेट डेकवर भोवरे सोडते, शिवाय धुराड्याची गरम हवा सोबत आणते. गरम हवा म्हणजे पातळ हवा, म्हणजे कमी उचल, तीही नेमकी गरज असते तेव्हा. वारा थोडा तिरपा असला की हे सगळं कडेने निघून जातं. कामोव्ह-२८ सारख्या हेलिकॉप्टरला एकावर एक असे दोन रोटर असतात, शेपटीचा रोटर नसतो, त्यामुळे आडव्या वाऱ्याचा त्याला तुलनेने कमी जाच. बाकीच्यांना आलेख पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा हिशेब इंधनाचा. समजा हेलिकॉप्टर तासाला ५०० किलो इंधन जाळतं. परतीच्या वेळी जहाज ८० सागरी मैलांवर असेल, हवेतला वेग १२० नॉट आणि समोरून २० नॉटचा वारा. म्हणजे प्रत्यक्ष वेग १०० नॉट, वेळ ४८ मिनिटं, इंधन ४०० किलो. राखीव वीस मिनिटांचे सुमारे १७० किलो. डेक तयार नसला, जहाजाला वळायला वेळ लागला, पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला, यासाठी पंधरा मिनिटांचे १२५ किलो. बेरीज सुमारे ७०० किलो. इंधन या आकड्यावर आलं की काम कितीही रंगात आलेलं असो, परत फिरायचं.

या हिशेबात एक खोच आहे. विमानतळ जागचा हलत नाही, जहाज हलतं. १५ नॉटने चालणारं जहाज तीन तासांत ४५ मैल जातं. ते ठरल्या दिशेऐवजी एखाद्या संशयित बोटीच्या मागे उलट दिशेला गेलं, तर पायलट जिथे पोचेल तिथून जहाज ९० मैलांवर असेल. ९० मैल म्हणजे वर धरलेल्या वेगाने ५४ मिनिटं, ४५० किलो, म्हणजे सगळं राखीव इंधन संपून वर उधारी. त्यात शत्रूला सुगावा लागू नये म्हणून जहाजाने रेडिओ आणि रडार बंद ठेवलेलं असेल तर विचारायचीही सोय नाही. म्हणून निघण्याआधी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, जाऊन ड्यूटी अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलायचं: किती वाजता, कुठे आणि बेत बदलला तर कोणत्या संकेताने कळवणार. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळणारे पायलटही पाहायला मिळतात.

ब्रीफिंगनंतर तपासणी. तंत्रज्ञांनी दैनिक तपासणी करून सही केलेली असते, तरी पायलट स्वतः फिरून बघतोच. तेलाची पातळी, रोटरच्या मुळाशी असलेले डँपर (धक्के शोषणारे भाग), पात्यांच्या कडांवरचे ओरखडे, घडी घातलेली पाती उघडल्यावर त्यांच्या पिना पूर्ण बसल्या का, इंजिनाच्या तोंडाशी कापड किंवा झाकण राहिलंय का, इंधनाचा नमुना स्वच्छ आणि पाण्याविना आहे का. हेलिकॉप्टरच्या पाठीवर चढून रोटरचा डोकेभाग बघायचा असतो. जहाज डोलत असताना हे करणं म्हणजे एक हात कायम धरण्यासाठी आणि एकच कामासाठी. खिशात सुटं काही नको. पेन पडलं तर ते शोधून मिळेपर्यंत उड्डाण नाही. हत्यारांचंही तसंच. प्रत्येक पाना त्याच्या कोरलेल्या खाचेत परत गेला की नाही हे मोजलं जातं, एक कमी पडला तर हेलिकॉप्टर जागच्या जागी थांबवलं जातं. डेकवर एक रांग करून सगळे चालतात आणि खिळा, तारेचा तुकडा, दोऱ्याचं टोक, जे दिसेल ते उचलतात. यात कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत कोणीही सामील होऊ शकतं आणि व्हावंही, कारण रोटरच्या झोतात उडालेला नट इंजिनात गेला की काही सेकंदांत कॉम्प्रेसरची (इंजिनातल्या हवा दाबणाऱ्या भागाची) पाती फाटतात.

इंजिन सुरू झालं, तरी रोटर फिरवण्याची घाई नको. रोटर सावकाश फिरत असताना पात्यांना ताठ ठेवणारं केंद्रोत्सारी बल पुरेसं नसतं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला तर पातं वर उचललं जातं, मग खाली आदळतं आणि शेपटीला किंवा डेकवरच्या माणसाला लागू शकतं. म्हणून रोटर सुरू करायची आणि थांबवायची वाऱ्याची मर्यादा उड्डाणाच्या मर्यादेहून वेगळी असते, आणि त्या अर्ध्या मिनिटात जहाजाने वळायचं नाही, वेग बदलायचा नाही. डेकवरचा लाल, पिवळा, हिरवा दिवा ब्रिज आणि डेक यांच्यातला करार सांगतो. अनेक नौदलांत पिवळा म्हणजे रोटर सुरू किंवा बंद करायला परवानगी, हिरवा म्हणजे उड्डाण किंवा उतरणं. चाकांचे ठोकळे आणि साखळ्या काढल्या, किती काढल्या ते दोन्ही बाजूंनी हात उंचावून पायलटला दाखवलं, पायलटने मोजलं, मगच वर. एक साखळी अडकलेली राहिली आणि पायलटने उचल दिली, तर हेलिकॉप्टर त्या कोपऱ्याभोवती उलटतं. हे दीड-दोन सेकंदांत होतं आणि त्यातून सावरता येत नाही.

हवेतलं काम काय असतं? बहुतेक वेळा कंटाळवाणं. रडार आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने आसपासच्या शंभरेक मैलांतली जहाजं शोधणं, प्रत्येकाचा प्रकार, दिशा, वेग नोंदवून जहाजाला पाठवणं. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर पोटाखाली लटकवून सामान नेणं, आजारी खलाशाला हलवणं, बुडणाऱ्याला दोरीने वर घेणं. लटकवलेलं ओझं डेकवर पोचलं की सगळ्यांत आधी त्याला डेकला जोडलेल्या दांडीने स्पर्श करून स्थिर वीज उतरवायची. हे विसरून हात लावणारा फेकला जातो. आणि पाणबुडी शोधणं. यासाठी एकतर पाण्यात सोनोबॉय टाकतात (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या, मनगटाहून जाड, सुमारे ९१ सेंटिमीटर लांब नळ्या), नाहीतर हेलिकॉप्टर पाण्यावर एका जागी थांबवून तारेवरून सोनार, म्हणजे आवाजाने पाणबुडी हुडकणारं यंत्र, खाली सोडतात.

या सोनार बुडवण्यावर थोडं थांबायला हवं. रात्र, चंद्र नाही, क्षितिज नाही, आणि हेलिकॉप्टर पाण्यापासून सुमारे ७० फुटांवर स्थिर. जुन्या सी किंग हेलिकॉप्टरवर ही उंची ४० फूट असायची. ऑटोपायलट वरून हळूहळू खाली आणतो आणि थांबवतो. पायलटचं काम त्यावर पहारा देणं. कानातला तोल सांगतो की आपण उजवीकडे कलतोय, यंत्र सांगतं सरळ आहोत. यंत्रावर विश्वास ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं, पण शरीर ओरडत असताना ते पाळायला सराव लागतो. म्हणून एक पायलट फक्त यंत्रांकडे बघतो आणि उंची मोठ्याने बोलत राहतो. उंची ठरलेल्या आकड्याखाली गेली की कारण शोधत बसायचं नाही, आधी वर जायचं. तार सरळ उभी राहिली पाहिजे. ती तिरकी होऊ लागली म्हणजे हेलिकॉप्टर वाहत चाललंय.

आणि याच वेळी इंजिन मीठ गिळत असतं. रोटरच्या झोताने उडालेले तुषार आत जातात, पाणी उडून जातं, मीठ कॉम्प्रेसरच्या पात्यांवर थर धरतं. पात्याचा आकार बिघडतो, हवा कमी दाबली जाते, तेवढीच ताकद देण्यासाठी इंजिन जास्त तापतं. हे ओळखायची खूण साधी आहे. टॉर्क (रोटर फिरवणारा जोर) तोच, पण टर्बाइनचं तापमान सुरुवातीपेक्षा चढलेलं. तसं दिसलं की पाण्यालगतची ती उंची सोडून वर जायचं. हट्टाने थांबलं तर शेवटी कॉम्प्रेसर ठसके देऊ लागतो आणि ७० फुटांवर एका इंजिनाची ताकद उरणं म्हणजे तार कापून, इंधन ओतून देऊन, पुढे वेग पकडायची धडपड. परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुतात, हेलिकॉप्टरचं अंगही धुतात. रोज, न चुकता. जहाजावर गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यापासून बनवतात, ते कमी पडलं की यांत्रिकी विभाग आंघोळीवर निर्बंध आणतो आणि हेलिकॉप्टर धुण्याकडे तिरक्या नजरेने बघतो. या वादात पायलटने नमतं घेऊ नये. एका आठवड्याचं न धुतलेलं मीठ सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्यांखाली, विजेच्या जोडण्यांत जाऊन बसतं आणि मग महिनाभर कुठे ना कुठे बिघाड डोकं वर काढत राहतो.

उतरणं हा सगळ्यात नाजूक भाग, त्यातही रात्री. जहाजाच्या मागून उतरत्या रेषेत यायचं. तीन अंशांच्या रेषेवर एक सागरी मैलावर उंची साधारण ३२० फूट, अर्ध्या मैलावर १६० फूट. डेकवरचा मार्गदर्शक दिवा रेषेवर आहात का ते रंगाने सांगतो. बाकीचे रंग नौदलागणिक बदलतात, पण लाल म्हणजे खाली आहात, हे बहुतेक सगळीकडे सारखं. रात्री काळ्या पाण्यावर तेवढा एक ठिपका दिसत असताना डोळे त्याच्यावर खिळून राहतात आणि आपण नकळत वेगाने किंवा खूप खाली येतो. त्यामुळे न उडवणारा पायलट अंतर, उंची आणि जवळ येण्याचा वेग सतत वाचत असतो. मनात ठेवायची गोष्ट एकच: जहाज १२ नॉटने पुढे पळतंय, त्यामुळे हवेतला वेग नाही, जहाजाच्या सापेक्ष वेग हळूहळू शून्यावर आणायचा आहे. काही नौदलांत डावीकडून समांतर येऊन मग आडवं सरकत डेकवर येतात, काहींत मागून सरळ.

डेकवर पोचल्यावर नवा पायलट हमखास एक चूक करतो: डेक जसजसा डोलतो तसतसा त्याचा पाठलाग. डेक वर आला की हा वर, खाली गेला की हा खाली. दोन-तीन फेऱ्यांत हालचाल वाढत जाते आणि हेलिकॉप्टर जहाजाच्या तालाच्या नेमकं उलट झुलू लागतं. योग्य पद्धत म्हणजे क्षितिजाकडे किंवा हँगरच्या वर बसवलेल्या स्थिर राहणाऱ्या प्रकाशपट्टीकडे बघत हेलिकॉप्टर स्थिर ठेवायचं आणि डेकला खाली डोलू द्यायचं. लाटा गटांनी येतात. काही मोठ्या लाटा गेल्या की थोडा निवांत काळ येतो, कधी पाच सेकंद, कधी दहा. तो आला की न रेंगाळता उतरायचं. हळुवार टेकवायचा मोह नको. ठाम उतरायचं आणि लगेच कलेक्टिव्ह (उचल कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण खाली, म्हणजे वजन चाकांवर येतं आणि पुढच्या डोलाला हेलिकॉप्टर घसरत नाही. डेकवरच्या संकेत देणाऱ्याचे बहुतेक इशारे सल्ल्याचे असतात, पण ‘थांब’ आणि ‘परत जा’ हे दोन पाळलेच पाहिजेत, वाद नाही.

खवळलेल्या समुद्रासाठी यंत्रं आहेत. कॅनडाच्या नौदलाने १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत हेलिकॉप्टरच्या पोटाला तार जोडतात, जहाजावरचं यंत्र ती ताणून हेलिकॉप्टरला मध्यावर खेचतं आणि डेकवरचा पिंजरा त्याचा दांडा पकडतो. युरोपीय जहाजांवर डेकमध्ये भोकांची जाळी बसवलेली असते आणि हेलिकॉप्टरखालचा हायड्रॉलिक भाला तिच्यात घुसून अडकतो. दोन्ही उत्तम. पण तारेने खेचणं म्हणजे पायलटचं काम संपलं असं नव्हे, तार फक्त मध्यभाग दाखवते आणि तिच्या ओढीविरुद्ध ताकद धरून ठेवावी लागते.

डेक अडलेला असेल, किंवा डोल मर्यादेबाहेर असेल आणि इंधन संपत आलं असेल, तर शेवटचा उपाय हवेतच इंधन भरण्याचा. जहाजाच्या डाव्या बाजूला समांतर थांबायचं, हॉइस्टने (हेलिकॉप्टरवरच्या दोरी ओढायच्या यंत्राने) नळी वर घ्यायची आणि चालत्या जहाजासोबत उडत इंधन घ्यायचं. त्याआधी जहाजावर काढलेला इंधनाचा नमुना तपासलेला असतो. जहाजावर वापरतात ते जेपी-५ इंधन मुद्दाम निवडलेलं आहे. त्याचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) किमान ६० अंश सेल्सिअस, तर जमिनीवरच्या जेपी-८ चा ३८. बंदिस्त लोखंडी जहाजात हा फरक जिवाचा असतो.

उतरल्यावर साखळ्या, रोटर बंद, पात्यांची घडी, हँगरमध्ये सरकवणं. हे सरकवणंही पोरखेळ नाही. कॉकपिटमध्ये ब्रेकवर एक माणूस, बाजूंना ठोकळे घेतलेले लोक, आणि ब्रिजला आधी विनंती की पुढची दहा मिनिटं वळू नका. मग तासभर कागदपत्रं: काय दिसलं, काय बिघडलं, किती वेळ उडालो, किती उतरणी झाल्या. बिघाडाची नोंद लिहिताना ‘कंपन जाणवलं’ एवढं लिहून तंत्रज्ञाला काही कळत नाही. कोणत्या वेगाला, कोणत्या टॉर्कला, बसण्याच्या जागेत की पेडलमध्ये, वळताना वाढतं की कमी होतं, हे लिहावं. गिअरबॉक्समध्ये धातूचे कण सापडल्याचा इशारा दिवा लागला असेल तर किती वेळा, कण जाळायचं बटण दाबल्यावर गेला का, हेही.

उडायचं नसेल तेव्हा सज्जता. पाच, पंधरा, तीस किंवा साठ मिनिटांची, म्हणजे हुकूम आल्यावर तेवढ्या वेळात उडायचं. पाच मिनिटांच्या सज्जतेत पायलट पट्टे बांधून कॉकपिटमध्येच बसतो. उष्ण समुद्रात काचेखाली तीन तास असं बसणं उडण्यापेक्षा जास्त दमवतं. पाणी भरपूर प्यावं, पण मग लघवीची सोय सोबत ठेवावी लागते, शोषक पिशव्या मिळतात. लाज वाटून पाणी कमी पिणारा दुसऱ्या तासाला चुका करू लागतो. समुद्र थंड असेल, साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली, तर जलरोधक सूट घालावा लागतो. तो गळ्याशी घट्ट, आत घाम, पण त्याविना पाण्यात पडलेल्याचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात. जहाज लागतं का, म्हणजे मळमळ? हो, पायलटांनाही. आणि त्यावरच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या घेऊन उडता येत नाही. निघण्याआधी कोरडं, हलकं खाणं आणि जहाजाच्या मध्यभागी बसणं यावरच भागवावं लागतं.

पाण्यात कोसळण्याचा सराव तैनातीआधी झालेला असतो. हेलिकॉप्टरची इंजिनं आणि गिअरबॉक्स वर, म्हणून ते पाण्यात पडताच उलटतं. अंधारात, डोकं खाली, नाकात पाणी. क्रम ठरलेला: एका हाताने खिडकीची चौकट धरून ठेवायची, हालचाल थांबेपर्यंत वाट बघायची, खिडकी उघडायची, आणि मगच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडणारा तरंगतो, दिशा हरवतो. अंगावरच्या छोट्या हवेच्या बाटलीत दोनेक मिनिटांची हवा असते, थंडीत आणि घाबरलेल्या श्वासात त्याहून कमी. जहाजावर तैनात असताना दर उड्डाणाआधी डोळे मिटून चौकट, खिडकीचा दांडा, पट्ट्याचं बकल हाताने शोधायची सवय लावावी. अर्धं मिनिट लागतं.

याशिवाय प्रत्येक पायलटकडे जमिनीवरचं एक काम असतंच: देखभाल, सुरक्षा, प्रशिक्षण, वेळापत्रक किंवा गुप्त कागदपत्रांची जबाबदारी. दुसरं हेलिकॉप्टर उडत असताना त्यालाच कंट्रोल केबिनमध्ये बसून डेक सांभाळावा लागतो. उरलेल्या वेळात व्यायाम, कपडे धुणं, घरी निरोप. निरोपाचं जाळं ऑपरेशनमुळे बंद असेल तर दिवसेंदिवस तेही नाही. पाठदुखी जवळजवळ सगळ्यांना. कंपन आणि पुढे वाकून बसण्याची सवय, दोन्हींचा परिणाम. पाठीचा व्यायाम सोडला की तैनातीच्या दुसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे जावं लागतं.

शेवटी एक गोष्ट, जी वेळापत्रक करणाऱ्याने विसरता कामा नये. रात्री डेकवर उतरण्याची पात्रता ठरावीक दिवसांत ठरावीक उतरणी केल्या तरच टिकते. सलग आठवडाभर खराब हवा लागली, किंवा जहाज बंदरात राहिलं, की ती संपू शकते. मग आधी दिवसा उतरणी, नंतर संधिप्रकाशात, मग रात्री, अशी पुन्हा पायरीने चढावी लागते, आणि त्यासाठी जहाजाला ठरावीक दिशेने तासन्‌तास चालावं लागतं. कप्तान त्याला सहज तयार होत नाही. म्हणून तुकडीच्या फळ्यावर प्रत्येक पायलटसमोर पात्रता संपायची तारीख लिहावी, आणि हवामानखात्याने चार दिवसांचा वारा सांगितला की त्याच संध्याकाळी, काम असो वा नसो, दोघा-तिघांच्या रात्रीच्या उतरणी उरकून घ्याव्यात.